प्लस दहाचं भिंग

आजीचं नाव मी लिहीत नाही. औंढा नागनाथच्या देवळाबाहेर बेल-फूल विकणाऱ्या बायकांच्या रांगेत ती बसायची, एवढी ओळख पुरे. पुढ्यात ओल्या पोत्यावर बेलाच्या जुड्या, पांढऱ्या रुईची फुलं आणि सुट्ट्या पैशांची ॲल्युमिनियमची डबी. तिच्या चष्म्याची भिंगं इतकी जाड होती की मधला फुगवटा बोटाला लागायचा, आणि त्यामागचे तिचे डोळे केवढे तरी मोठे दिसायचे. लहानपणी आईचा पदर धरून दर्शनाला यायचे तेव्हा मला त्या डोळ्यांची भीती वाटायची. पुढे त्यातलंच एक भिंग माझ्या सायकलच्या हँडलवर आलं. ते कसं आलं आणि तिचं मी काय देणं लागते, हे लिहून ठेवायचं बरेच दिवस मनात होतं.

२०१६ च्या जूनमध्ये मी आठवीत गेले आणि मला सरकारच्या मानव विकास योजनेतली सायकल मिळाली. पुढे जाळी, मागे कॅरेज, साखळीवर पत्र्याचं कव्हर. आमचं गाव औंढ्यापासून साडेचार किलोमीटरवर. जाताना शेवटचा टप्पा उताराचा, येताना तोच चढाचा. सकाळी मी वारं प्यालेल्या वासरासारखी शाळेत पोचायचे आणि संध्याकाळी सायकल हाताने ढकलत घरी. दहावीत गेले त्या वर्षी हैदराबादला कामाला असलेल्या मावसभावाने सायकलचा मीटर आणून दिला. काडेपेटीपेक्षा लहान. चाकाच्या तारेला एक चुंबक बांधायचा, चिमट्याला एक छोटी नळी बांधायची, की हँडलवरच्या पडद्यावर वेग दिसतो. मला त्या आकड्याचं वेड लागलं. उतारावर २० च्या वर जायचं, आणि रोज कालच्यापेक्षा एकाने तरी जास्त.

२०१८ च्या श्रावणातला एक शनिवार. सकाळची शाळा. श्रावणी सोमवारी नागनाथाला रीघ लागते, म्हणून आजी दोन दिवस आधीच शेताच्या बांधावरचा बेल तोडून आणत होती. उतारावर माझ्या मीटरने २३ दाखवले. २४ होतात का बघायला मी मान खाली घातली. एक सेकंद, फार तर दीड. पुढे मी त्याचं गणित केलं. तासाला २३ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सहा मीटरच्या वर. दीड सेकंदात साडेनऊ मीटर. आमच्या ओसरीपासून गोठ्यापर्यंतचं अंतर मी आंधळ्यासारखी कापलं होतं. मान वर केली तेव्हा डोक्यावर बेलाचं गाठोडं घेतलेली आजी समोर होती.

दोन्ही ब्रेक दाबले, सायकल घसरली, हँडल तिच्या कोपराला लागलं आणि ती खाली बसली. गाठोडं सुटून बेल रस्ताभर झाला. चष्मा डांबरावर पडला, त्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. माणसं जमली. मोटारसायकलला दुधाचे कॅन लावून चाललेला एक जण मला बोलायला लागला. आजी गुडघ्यांवर बसून एका हाताने चष्मा चाचपडत होती, दुसरं मनगट तिने छातीशी धरलं होतं. ती म्हणाली, "पोरीला काही म्हणू नका. मीच आडवी आले. मला कुठं दिसतंय?"

हे खरं नव्हतं. ती रस्त्याच्या कडेने सरळ चालली होती, आडवी गेलीच नव्हती. हे तिला माहीत होतं आणि मला माहीत होतं. मी चष्मा उचलून तिच्या हातात दिला. डावं भिंग आरपार तडकलं होतं. "आजी, तुम्हाला फार लागलं का?" मी विचारलं. तिने मला जवळ ओढलं आणि दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "खाली काय बघायलीस माय? रस्ता समोर असतो."

मनगट मुरगळलं होतं, मोडलं नव्हतं. तडकलेल्या भिंगावर चिकटपट्टी लावून ती पुढचे दोन सोमवार तशीच बसली. मी शाळा सुटल्यावर तिच्याशेजारी जाऊन बसायला लागले, जुड्या बांधायला. तेव्हा मला कळलं की तिचं निम्मं काम बोटांनीच चालतं. तीन पानांचं दळ पुरं आहे का, पान किडीने खाल्लंय का, देठाची गाठ काढली आहे का, सगळं ती अंगठ्याने बघायची. खराब दळ न बघताच बाजूला पडायचं. ह्याच दिवसांत कधीतरी 'आजी, तुम्ही'चं 'आजी, तू' झालं.

बाबांना ती आडवी आली हेच माहीत होतं. तरी ते म्हणाले, चूक कुणाची का असेना, सायकल आपल्या पोरीची होती. आणि एका रविवारी आम्ही तिघं हिंगोलीला गेलो. पंचवीसेक किलोमीटर. चष्म्याच्या दुकानदाराने तिचा जुना चष्मा हातात घेतला आणि लगेच ओळखलं. "मोतीबिंदूचा जुना नंबर. प्लस दहा." पूर्वी मोतीबिंदू काढताना डोळ्यातलं भिंगच काढून टाकत आणि त्याच्या जागी बाहेरून असा जाड चष्मा देत, हे त्याने मला समजावलं. नव्वदच्या दशकात डोळ्यातच कृत्रिम भिंग बसवायची पद्धत आपल्याकडे रुळत गेली, पण आजीची शस्त्रक्रिया त्याआधीची, एका शिबिरातली. मग त्याने दुकानाच्या दारात जाऊन चांगलं राहिलेलं भिंग उन्हात धरलं. खाली पावतीच्या कागदावर उन्हाचा ठिपका बारीक होत होत मोहरीएवढा झाला. "हे बघ, दहा सेंटीमीटर. दहाचा नंबर म्हणजे दहा सेंटीमीटरवर उजेड गोळा." कागदातून धूर निघायच्या आत त्याने हात काढला.

नव्या चष्म्याचे साडेसहाशे रुपये झाले. आजी कमरेची पिशवी सोडायला लागली, बाबांनी हात धरला. जुना चष्मा दुकानदाराने कागदात गुंडाळून दिला.

परतताना अंधार पडला. काळी-पिवळी जीप भरलेली. पुढच्या सीटवर ड्रायव्हर, बाबा, मधे मी, आणि माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपलेली आजी. डॅशबोर्डवर देवाची तसबीर होती आणि तिच्यापुढे एक इवलासा लाल दिवा. त्या दिव्याचं प्रतिबिंब पुढच्या काचेत पडलं होतं. नुसती लाल ठिणगी, पण ती काचेवर आहे असं वाटतच नव्हतं. रस्त्यावर, गाडीच्या पुढे, हवेत तरंगत चालल्यासारखी दिसत होती. मागे लाल पट्टी नसलेली एक ट्रॉली समोर आली, तेव्हा मला ट्रॉली आणि ठिणगी दोन्ही एकदमच दिसल्या. मान कुठेही वळवावी लागली नाही. ह्या ठिणगीच्या जागी माझ्या मीटरचा आकडा असता तर? तर तेव्हा समोर चालत असलेली आजी मला दिसली असती.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या विज्ञानाच्या सरांना गाठलं. सरांबद्दल एक सांगितलं पाहिजे. २०१६ च्या फेब्रुवारीत, मी सातवीत असताना, ते वर्गात पेपर घेऊन आले होते. अमेरिकेतल्या लायगो यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ ला दोन कृष्णविवरांच्या मिलनातून आलेली गुरुत्वीय लहर टिपली, आणि ११ फेब्रुवारीला ते जगाला सांगितलं, ही ती बातमी. आठवड्याभरात केंद्र सरकारने भारतातल्या लायगोला तत्त्वतः मंजुरी दिली आणि पुढे त्यासाठी आमच्या औंढ्याजवळचीच जागा निवडली गेली. सरांनी तेव्हा आम्हाला मैदानात नेऊन फक्कीने काटकोनात दोन रेघा मारल्या होत्या. प्रत्येक भुजा चार किलोमीटरची. म्हणजे जवळजवळ आमचं गाव ते शाळा. कोपऱ्यात सर स्वतः उभे राहिले. "मी काच आहे. निम्मा उजेड माझ्यातून पार जातो, निम्मा मी वळवतो. दोन्ही उजेड भुजांच्या टोकाला जाऊन परत माझ्याकडेच येतात, आणि त्यांच्यात केसाच्या कितीतरी लाखाव्या भागाचा फरक पडला तरी मला कळतो."

जीपमधली ठिणगी सांगितल्यावर सरांना तेच आठवलं. "अगं, ही तीच काच. अर्धी आरसा, अर्धी खिडकी." लढाऊ विमानाच्या वैमानिकापुढे अशी काच असते, असं त्यांनी सांगितलं. नेम धरताना नजर लक्ष्यावरच राहावी म्हणून डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब यांनी १९०० साली ह्याच तत्त्वाच्या साधनाचं पेटंट घेतलं होतं, आणि आपल्या तेजसच्या वैमानिकापुढे जी काच आहे ती चंडीगडच्या सीएसआयओ ह्या सरकारी प्रयोगशाळेने घडवली. मग त्यांनी विचारलं, "तुझ्या मीटरच्या पडद्यात दिवा आहे का?" नव्हता. घड्याळासारखा करडा पडदा. जो स्वतः उजेड देत नाही त्याचं प्रतिबिंब अंधारात कुठून पडणार? मी घरून काच कापून आणली होती, ती तशीच दप्तरात राहिली.

इथे दुसरं ऋण सुरू होतं. बसस्थानकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर सायकल दुरुस्तीचं एक दुकान होतं, आणि तिथल्या चाचांना अख्खा तालुका चाचाच म्हणायचा. हवा, पंक्चर, चाकाचा आउट काढणं. माझी सायकल त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत दुकानात लावून घेतली ती जवळपास सात महिने त्यांच्याच नजरेखाली होती. सरांचा भाचा तेव्हाच्या औरंगाबादला इंजिनिअरिंगला होता. त्याने आर्डुइनोची, म्हणजे प्रोग्राम भरता येणाऱ्या चिमुकल्या संगणकाची, एक लहान पाटी आणि लाल दिव्याच्या आकड्यांचा पडदा पाठवला, आणि आठवड्यातून एकदा सरांच्या फोनवरून मला शिकवलं. प्रोग्राम मी शाळेच्या संगणकावर लिहायचे.

आधी चाकाचा घेर हवा होता. चाचांनी टायरवर आणि दुकानाच्या शहाबादी फरशीवर खडूची खूण केली, मला सीटवर बसवलं, म्हणाले, "तुझं वजन पडल्याशिवाय टायर खरं बोलत नाही," आणि सायकल एक फेरा पुढे नेली. शिंप्याच्या टेपने मोजलं, २०७ सेंटीमीटर. एका फेऱ्याला किती वेळ लागला ते कळलं की वेग कळला. त्या वेळासाठी मीटरचीच नळी वापरली. काचेच्या नळीत लोखंडाच्या दोन बारीक पट्ट्या असतात, चुंबक जवळून गेला की चिकटतात.

पहिल्याच दिवशी पडद्यावर ४० च्या पुढचे आकडे आले. चाचा खूश झाले, मला मात्र माहीत होतं की मी तेवढी पळत नाही. पट्ट्या चिकटताना थरथरतात, आणि आर्डुइनो इतका जलद की तो एकाच चिकटण्याला दोन-तीन फेरे समजतो. भाच्याने सांगितलं, एक फेरा मोजल्यावर सेकंदाचा दहावा भाग कान बंद ठेवायला सांग. माझ्या चाकाला ३० च्या वेगातही एका फेऱ्याला जवळजवळ पाव सेकंद लागतो, त्यामुळे त्या वेळात ऐकलेलं सगळं खोटंच असणार. ही एक ओळ लिहायला मला दोन आठवडे लागले.

मग काच. पडदा आडवा ठेवला, वर ४५ अंशांत काच, वरची कड माझ्याकडे झुकलेली, जीपच्या काचेसारखी. संध्याकाळी चाचांनी चाक फिरवलं. आकडे हवेत उभे राहिले! पण मी १२ च्या वेगाला ५१ वाचत होते. आरशात आकडे उलटतात, आणि अशा रेघांच्या आकड्यात उलटा २ म्हणजे हुबेहूब ५. मी हिरमुसून देवळापाशी आजीकडे गेले. तिला सगळं सांगितलं, आकडे पाठ फिरवून बसलेत म्हणून. औंढ्याला विसोबा खेचरांनी नामदेवांना गुरूपदेश दिला, आणि नामदेवांचं कीर्तन ऐकायला देऊळच फिरलं म्हणून आमच्या नागनाथाचा नंदी देवळाच्या पाठीमागे आहे, हे इथलं पोरगंही सांगतं. आजी जुडीला दोरा गुंडाळत म्हणाली, "नामदेवासाठी अख्खं देऊळ फिरलं, तुझे आकडे नाही फिरायचे?"

फिरले. उजवीकडच्या रेघांचं काम डावीकडच्या रेघांना दिलं, दोन आकड्यांची जागा बदलली, झालं. पण आता खरी अडचण समोर आली, आणि ती प्रोग्राममध्ये सुटणारी नव्हती. प्रत्येक आकडा दोनदा दिसत होता, एकावर एक किंचित सरकलेला. शिवाय आकडा वाचायचा तर रस्ता पुसट व्हायचा, आणि रस्ता बघायचा तर आकडा पुसट. मान खाली जात नव्हती, पण नजर जवळ येत होतीच. आजीने सांगितलेलं काम ह्याने होत नव्हतं.

दुहेरीचं कारण सरांनी सांगितलं. काचेला दोन अंगं असतात. साध्या काचेच्या प्रत्येक अंगावरून शंभरातला चार-पाच भाग उजेड परततो, म्हणून दोन प्रतिबिंबं. एकाने सुचवलं, गाडीच्या काचेला लावायची चकाकती फिल्म एका अंगाला लाव. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली गाड्यांच्या काचांवरच्या फिल्मना मनाई केली, तेव्हापासून एका दुकानात तिचा तुकडा पडून होता. लावला. आकडा झळकला, आणि रस्ता संध्याकाळ झाल्यासारखा काळवंडला. मी ती फिल्म त्याच दिवशी खरवडून काढली. जे रस्ता झाकतं ते माझ्या उपयोगाचं नव्हतं, आणि ह्या बाबतीत मी कुणाचं ऐकलं नाही.

तोवर दहावीची परीक्षा आली. मार्च २०१९ मध्ये शेवटचा पेपर देऊन मी सरांकडे गेले तेव्हा त्यांनी कागदावर एक भिंग काढलं. भिंगापासून जितक्या अंतरावर उजेड गोळा होतो, बरोबर तितक्याच अंतरावर एक ठिपका ठेवला, तर त्याचे किरण भिंगातून समांतर बाहेर पडतात. चंद्राकडून, डोंगरमाथ्यावरच्या दिव्याकडून येणारे किरण असेच समांतर असतात. डोळ्याला दोन्हींतला फरक कळत नाही. तो समजतो की ठिपका लांब आहे. म्हणजे रस्त्यावर लावलेल्या नजरेलाच आकडाही स्वच्छ दिसेल. "भिंग मात्र जोरदार हवं. वर्गातलं चालायचं नाही." मी विचारलं, "प्लस दहा चालेल?"

आजीकडे मागायला मला तीन दिवस धीर झाला नाही. जो चष्मा मी फोडला त्याचंच उरलेलं भिंग कोणत्या तोंडाने मागायचं? शेवटी मागितलं. तिने दुसऱ्या दिवशी ते आणलं, हिंगोलीच्या दुकानाच्या त्याच कागदात, फ्रेममधून काढून, राखेने घासून पुसून. माझ्या तळहातावर ठेवलं. "ह्याच्यातून मी तीस वर्षं नागनाथाचा कळस बघितला," एवढंच म्हणाली.

शेतातल्या पाइपलाइनचा ६३ मिलिमीटरचा पीव्हीसी तुकडा बाबांनी करवतीने कापून दिला. तळाशी पडदा, दहा सेंटीमीटर वर भिंग, त्याच्या वर तिरकी काच. आतून काळा रंग. पहिल्यांदा दिवा लावला तेव्हा एका आकड्याची अर्धीच रेघ दिसली, पळीएवढी. भिंगाने आकडा इतका मोठा केला होता की तो भिंगात मावेना. पण ती रेघ एकच होती. दोन नव्हत्या! मी कितीतरी वेळ डोकं हलवून बघत राहिले. सरांनाही हे सुचलं नव्हतं, त्यांनी घरी जाऊन आकृती काढली आणि संध्याकाळी परत आले. समांतर किरण काचेच्या पुढच्या अंगावरून परतोत की मागच्या, दोन्ही एकाच दिशेने परततात. आणि लांबवर लागलेल्या डोळ्याला एक दिशा म्हणजे एकच जागा. नजर लांब नेणाऱ्या भिंगानेच दुहेरी दिसणंही घालवलं होतं.

भाच्याने मग नखाएवढा ओएलईडी पडदा पाठवला. त्यावर मधोमध डाळीच्या दाण्याएवढा आकडा काढायचा. हा पडदा उलटं चित्र एका आज्ञेतच दाखवतो. एप्रिलच्या शेवटी सगळं जुळलं. मे महिन्यात एका दुपारी सायकल चाचांच्या दुकानापुढे उन्हात उभी होती. आमच्याकडे तेव्हा सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो. काचेतून ऊन सरळ भिंगावर आलं आणि भिंगाने ते दहा सेंटीमीटर खाली गोळा केलं. हिंगोलीच्या दुकानदाराने कागदावर दाखवलेला प्रयोग माझ्या पडद्यावर झाला. मधोमध काळा डाग. मला आधीच कळायला हवं होतं. चाचा काही बोलले नाहीत. जुन्या ट्यूबचा गोल तुकडा कापून त्यांनी पाइपला रबराचं झाकण केलं, सायकल उभी केली की लावायचं. दुसऱ्या पडद्याचे पैसेही त्यांनीच भाच्याला पाठवले, हे मला फार उशिरा कळलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, दिवेलागणीला, आम्ही सायकल देवळापाशी नेली. आजीने पोती गुंडाळली होती. मी तिला सीटच्या मागे उभं केलं, चाचांनी सायकल धरली. ह्या यंत्राची एक अडचण अशी की डोळा बरोबर समोर आला तरच आकडा दिसतो, मान दोन बोटं हलली की नाहीसा होतो. तिच्या चष्म्याचा काठ माझ्या हाताला लागत होता. थोडं डावीकडे, थोडं खाली. मग ती थांबली.

"शून्य दिसतंय."

तिला अक्षरं येत नव्हती, आकडे पुरते येत होते. चाचांनी पुढचं चाक उचललं आणि हाताने फिरवलं. ती वाचत गेली. "आठ. अकरा. चौदा. आता नऊ." आणि मग, "तो नारळवाला दुकान लावायलाय. त्याच्या पाटीवरच आकडा आहे की गं." नारळवाला वीस-पंचवीस पावलांवर होता. तिला त्याचं दुकान आणि माझा आकडा एकदमच दिसत होते.

दोन वर्षं, अकरावी-बारावीला, मी ते यंत्र रोज वापरलं. भर उन्हात आकडा दिसायचा नाही. साध्या काचेने परतवलेला शंभरातला दहावा भाग उजेड मराठवाड्याच्या उन्हापुढे काय टिकणार? पहाटे आणि संध्याकाळी दिसायचा, आणि धोक्याच्या वेळा त्याच. २३ च्या वर मी पुन्हा कधी गेले नाही.

आजीने चष्म्याचे पैसे मनातून सोडले नव्हते. त्या हिंगोलीच्या रविवारनंतर दर सोमवारी ती माझ्याजवळ आईसाठी बेलाची एक जुडी द्यायची. पैसे घेत नसे. आईला वाटायचं, म्हातारीची माया. एकदा मी म्हटलं, आजी, रोजच्या विक्रीतली कशाला देतेस? तर म्हणाली, "तुझ्या बापाचे साडेसहाशे आहेत माझ्याकडं." जिचा चष्मा मी फोडला ती माझ्या घरचं देणं फेडत होती, आणि खरं बोलून ते थांबवणं माझ्या हातात होतं. मी बोलले नाही. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनामुळे देवळं बंद झाली, ती १६ नोव्हेंबरला, पाडव्याला उघडली. त्या आठ महिन्यांत तिची विक्री बुडाली. बाबा तिच्या घरी ज्वारी आणि डाळ पोचवायचे. रिकामी पिशवी परत यायची तेव्हा तिच्यात बेल असायचा.

२०२२ च्या हिवाळ्यात ती गेली. तेव्हा मी डिप्लोमाला होते, परीक्षेमुळे पोचू शकले नाही. चाचांनी फोन केला होता. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये मंत्रिमंडळाने लायगो-इंडियाला २६०० कोटी रुपये मंजूर केले, ११ मेला पायाभरणी झाली, आणि सरांनी मला पेपरातल्या बातमीचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, 'आपली काच'.

ती आडवी आली नव्हती, हे मी बाबांना मागच्या दिवाळीत सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "तिला सांगायचं होतंस." आज मी पुण्यात मोजमापाची उपकरणं बनवणाऱ्या एका कारखान्यात काम करते. पीव्हीसीचा तो तुकडा माझ्या खोलीत आहे. आर्डुइनो बंद पडला, पडदा गेला, काच फुटली. भिंगाला एक ओरखडा नाही. तडकलेलं डावं भिंग, चिकटपट्टीसकट, आजीच्या सुनेने देवघरात ठेवलं आहे. मी ते मागितलं नाही.